जपानी संस्कृती, पारंपरिक

पूर्व आशियातील जपानी द्वीपसमूहात प्राचीन काळापासून १८६८ च्या मेजी पुनःस्थापनेपर्यंत घडत आलेली संस्कृती. शेती, घरबांधणी, धर्म, वाङ्‌मय, कला, आचारधर्म आणि कुटुंबव्यवस्था ही तिची प्रमुख अंगे होत. तिच्या जडणघडणीत दोन घटकांचा वाटा विशेष मोठा आहे : एक, देशाची भूरचना व हवामान आणि दुसरा, सु. सातशे वर्षे टिकून राहिलेली सरंजामशाही. पहिल्या घटकाने जीवनाची साधने व मर्यादा ठरविल्या. दुसऱ्याने त्या मर्यादांत राहणाऱ्या माणसांचे परस्परसंबंध बांधून दिले. चीन व कोरिया यांच्याकडून आलेली लिपी, राज्यकल्पना, कन्फ्यूशसची शिकवण आणि बौद्ध धर्म ही या संस्कृतीची मोठी परदेशी देणगी असली, तरी जपानी भूमीवर व जपानी समाजरचनेत त्यांना निराळे रूप प्राप्त झाले.

भौगोलिक पार्श्वभूमी : होक्काइडो, होन्शू, शिकोकू व क्यूशू ही चार मोठी बेटे आणि हजारो लहान बेटे मिळून जपान बनला आहे. त्याचे क्षेत्रफळ सु. ३,७८,००० चौ. किमी. आहे. सु. तीन-चतुर्थांश प्रदेश डोंगराळ असून सु. दोन-तृतीयांश भूमी वनाच्छादित आहे. त्यामुळे लागवडीखालील जमीन एकूण क्षेत्राच्या एक-अष्टमांशाच्या आसपासच भरते. सपाट प्रदेश लहानलहान असून ते किनाऱ्यालगत किंवा डोंगरांमधील खोऱ्यांत विखुरलेले आहेत. कांटो हे त्यांतील सर्वांत विस्तृत मैदान होय. नद्या आखूड व वेगवान असल्याने नौकानयनास त्यांचा उपयोग मर्यादित होतो. मात्र कालवे काढून शेतांना पाणी देण्यास त्या सोयीच्या ठरतात.

देश मोसमी वाऱ्यांच्या पट्ट्यात येतो. जून-जुलैमध्ये रिमझिम पावसाचा काळ असतो, तर उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत टायफून वादळे येतात. हिवाळ्यात सायबीरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतात व होन्शूच्या पश्चिम उतारावर विपुल हिमवर्षाव करतात. पूर्व किनारा त्याच काळात कोरडा व निरभ्र असतो. भूकंप, ज्वालामुखींचे उद्रेक व त्सुनामी लाटा यांची भीती सदैव असते. देशातील सर्वांत उंच शिखर फूजी (३,७७६ मी.) हा ज्वालामुखीच असून त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ मध्ये झाला. कुरोशिओ हा उष्ण व ओयाशिओ हा शीत सागरी प्रवाह ईशान्य किनाऱ्यालगत एकत्र येत असल्याने तेथील समुद्र माशांनी समृद्ध आहे.

क्यूशू व कोरियन द्वीपकल्प यांमधील सागरी अंतर सु. २०० किमी. आहे. इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी सु. ३४ किमी. रुंद आहे, हे लक्षात घेतल्यास या अंतराचे महत्त्व कळते. व्यापारी, भिक्षू व कारागीर यांना हा समुद्र ओलांडता येई; सैन्याला ते फार कठीण होते. १२७४ व १२८१ मध्ये मंगोल सम्राट कुब्लाईखान याने पाठविलेली आरमारे जपानी योद्ध्यांचा प्रतिकार व वादळे यांमुळे परतली किंवा नष्ट झाली. दुसऱ्या स्वारीतील वादळास ‘कामिकाझे’ (दैवी वारा) असे नाव मिळाले. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत मुख्य बेटांवर परकीय सत्ता आली नाही. परकीय विचार स्वीकारावयाचा की नाही, कोणत्या स्वरूपात व किती, हे ठरविण्याची मोकळीक जपानला त्यामुळे दीर्घकाळ लाभली.

भातशेती व ग्रामजीवन : पाणथळ शेतातील भातशेती आशियाच्या मुख्य भूमीवरून इ. स. पू. पहिल्या सहस्रकात क्यूशूत आली आणि यायोई संस्कृतीच्या काळात पूर्वेकडे पसरली. तिने जपानी समाजाला स्थिर खेडे दिले. डोंगरउतारावरून येणारे पाणी एका शेतातून दुसऱ्यात जात असल्याने बांध, पाट व पाळ्या यांची व्यवस्था एकट्या कुटुंबाच्या हाती राहू शकत नसे. लावणी व कापणीही थोड्या दिवसांत सर्वांनी मिळून उरकावी लागे. एकमेकांवरील या अवलंबनातून सामूहिक निर्णय, उघड मतभेद टाळण्याची वृत्ती आणि गावाच्या नियमांचा धाक या गोष्टी रूढ झाल्या. नियम मोडणाऱ्या कुटुंबाशी गावाने व्यवहार तोडण्याची ‘मुराहाचिबू’ ही शिक्षा अत्यंत कडक समजली जाई. कारण पाणी, सरपण व मजूर यांवाचून त्या कुटुंबास शेती करणेच अशक्य होई.

कुरणांस जागा नसल्याने पशुपालन मर्यादित राहिले. बौद्ध धर्माच्या प्रभावाने ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिने बंदी केली. पुढेही मांसाहाराविषयी सामान्यतः नापसंतीच राहिली. भात, मासे, समुद्रशैवाल, सोयाबीनचे पदार्थ व भाज्या असा जपानी आहार या परिस्थितीत घडला.

निसर्ग, धर्म व वास्तुकला : शिंतो हा जपानचा मूळ धर्म. पर्वत, धबधबे, जुने वृक्ष, विलक्षण शिला तसेच पूर्वज व पराक्रमी पुरुष यांच्या ठिकाणी ‘कामी’ म्हणजे दैवी शक्ती वास करते, अशी त्याची श्रद्धा आहे. पेरणी व सुगी यांच्याशी निगडित उत्सव, शुद्धीकरणाचे विधी आणि ऋतूंचे भान ही त्याची लक्षणे होत. सहाव्या शतकात कोरियातील पेक्चे राज्यातून बौद्ध धर्म आला. परंतु त्याने शिंतोचे उच्चाटन केले नाही. कामी व बुद्ध यांची एकाच परिसरात पूजा होऊ लागली. याच मार्गाने भारतीय देवताही जपानमध्ये पोहोचल्या : सरस्वती ही बेंझाइतेन, कुबेर हा बिशामोनतेन आणि महाकाल हा दाइकोकुतेन या नावांनी तेथे पूजिला जातो. नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. जपानी वर्णमालेच्या मांडणीवरही संस्कृत वर्णविचाराचा प्रभाव आहे.

घरबांधणीत दगडापेक्षा लाकडाला प्राधान्य मिळाले. लाकूड विपुल होते, दमट उन्हाळ्यात खेळती हवा आवश्यक होती आणि सांध्यांनी जोडलेला लाकडी सांगाडा भूकंपाच्या धक्क्यात काहीसा लवत असे. जमिनीपासून उंच घेतलेली भुई, रुंद वळचणी, सरकते कागदी पडदे (शोजी) व गवती बैठका (तातामी) ही या घराची वैशिष्ट्ये होत. नाराजवळील होर्यूजी मंदिराच्या इमारती जगातील सर्वांत प्राचीन लाकडी इमारतींत गणल्या जातात. लाकडी बांधणीचा धोका आगीचा होता. १६५७ मधील आगीत एडो (आधुनिक टोकिओ) शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. वस्तू टिकत नाही, परंतु तिची रीत व आकार टिकविता येतात, ही जाणीव इसे येथील शिंतो मंदिराच्या प्रथेत स्पष्ट दिसते. हे मंदिर साधारणतः दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेत पूर्वीच्याच आराखड्यानुसार नव्याने बांधण्यात येते. त्यामुळे सुतारकामाची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते. यादवीच्या काळात ही प्रथा शतकाहून अधिक काळ खंडित झाली होती. २०१३ मध्ये हा विधी बासष्टाव्यांदा पार पडला.

सरंजामशाहीचा उदय : सातव्या शतकात चिनी नमुन्यावर केंद्रीय राजसत्ता उभारण्याचा प्रयत्न झाला. ६४५ पासूनच्या तायका सुधारणांनी सर्व जमीन सम्राटाची ठरविली. परंतु डोंगरांनी विभागलेल्या देशात दूरच्या प्रांतांवर राजधानीतून नियंत्रण ठेवणे दुष्कर होते. सरदार व मंदिरे यांच्याकडे ‘शोएन’ नावाच्या करमुक्त जमिनी साठत गेल्या. ७९४ पासून हेआन (क्योटो) या राजधानीत फुजिवारा घराण्याच्या वर्चस्वाखाली अत्यंत परिष्कृत दरबारी संस्कृती बहरली. मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीची गेंजी मोनोगातारी ही कादंबरी अकराव्या शतकाच्या आरंभीची आहे. प्रांतांत मात्र जमिनीचे रक्षण करणाऱ्या सशस्त्र घराण्यांचे बळ वाढत होते. विस्तीर्ण कांटो मैदानातील घोडेस्वार धनुर्धर त्यांत अग्रेसर होते.

मिनामोतो व तायरा या घराण्यांतील युद्धाचा (११८०–८५) शेवट दान-नो-उरा येथील सागरी लढाईत झाला. विजयी मिनामोतो योरितोमो याने क्योटोपासून दूर, तीन बाजूंनी टेकड्या व एका बाजूस समुद्र असलेल्या कामाकुरा येथे आपली सत्ता स्थापिली. ११९२ मध्ये त्यास ‘शोगुन’ हे पद मिळाले. त्याने आपल्या अनुयायांना जमिनीच्या उत्पन्नातील हक्क दिले आणि त्यांच्याकडून लष्करी सेवा घेतली. फौजेच्या खर्चासाठी महसूल नेमून देण्याच्या मराठेशाहीतील सरंजामाशी या पद्धतीचे काही साम्य आहे. सम्राटपद नष्ट करण्यात आले नाही. क्योटोतील सम्राट मान्यता देणारा व शोगुन राज्य करणारा, असे दुहेरी स्वरूप शासनास आले.

यूरोपीय सरंजामशाहीशी तुलना करता दोहोंत जमीन, सेवा व निष्ठा यांची सांगड दिसते. फरक असा, की यूरोपात स्वामी-सेवक संबंधास कराराचे स्वरूप आले होते, तर जपानमध्ये पितापुत्राच्या नात्याची व पुढे कन्फ्यूशसप्रणीत कर्तव्याची भाषा अधिक वापरली गेली. तथापि जपानी योद्धाही आरंभी हक्कांविषयी जागरूक होता. १२३२ ची ५१ कलमांची जोएई संहिता मुख्यतः जमिनीच्या व वारशाच्या तंट्यांसंबंधी आहे. त्या काळी स्त्रियांनाही जमिनीचा वारसा मिळे. वारंवार वाटण्या होऊन जमीन अपुरी पडू लागल्यावर सर्व मिळकत एका वारसाकडे ठेवण्याची पद्धत वाढली आणि योद्धा वर्गातील स्त्रीचे स्थान खालावले.

योद्ध्यांची संस्कृती : कामाकुरा काळात (११८५–१३३३) बौद्ध धर्माच्या नव्या पंथांचा प्रसार झाला. होनेन (११३३–१२१२) व शिनरान (११७३–१२६३) यांनी अमिताभ बुद्धाच्या नामस्मरणाने सामान्य माणसासही मुक्ती मिळते, असे सांगितले. एइसाइ (११४१–१२१५) व दोगेन (१२००–५३) यांनी आणलेल्या झेन पंथातील शिस्त, एकाग्रता व मृत्यूविषयीची निर्भयता योद्ध्यांना भावली. आशिकागा शोगुनांच्या काळात (१३३८–१५७३) सत्ताकेंद्र पुन्हा क्योटोत आले आणि दरबारी अभिरुची, योद्ध्यांचा संयम व झेन विचार यांचा मिलाफ झाला. शोगुन योशिमित्सूच्या आश्रयाने झेआमी याने नो नाट्यास कलापूर्ण रूप दिले. सेश्शू (१४२०–१५०६) याने शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत निसर्गचित्रे रंगविली. क्योटो येथील र्योआन्जी मंदिराच्या उद्यानात पांढऱ्या खडीवर केवळ पंधरा शिला मांडलेल्या आहेत. चहाविधीस सेन नो रिक्यू (१५२२–९१) याने साधेपणाचा आदर्श मिळवून दिला. त्याच्या चहागृहाचे दार इतके ठेंगणे असे, की सरदारासही वाकून आत यावे लागे. याच रिक्यूला सत्ताधीश हिदेयोशीच्या आज्ञेने आत्महत्या करावी लागली; कलावंतास मिळणारा सरंजामी आश्रय किती धोक्याचा होता, याचे हे उदाहरण होय.

ओनिन युद्धानंतर (१४६७–७७) सु. शंभर वर्षे यादवी माजली. प्रत्येक खोऱ्यात व मैदानात ‘दाइम्यो’ नावाचे सरदार स्वतंत्र झाले. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदुका आल्या. १५४९ मध्ये सेंट फ्रान्सिस झेव्हिअर कागोशिमा येथे उतरला. त्याच्यासोबत आंजिरो हा जपानी होता. त्याचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यात झाला होता. १५८२ मध्ये ख्रिस्ती दाइम्योंनी यूरोपात पाठविलेले तरुण जपानी दूतही गोव्यावरूनच गेले. झेव्हिअरचे शव जुन्या गोव्यातील बाँ जेझुस चर्चमध्ये आहे.

तोकुगावा राजवट : ओदा नोबुनागा (१५३४–८२), तोयोतोमी हिदेयोशी (१५३७–९८) व तोकुगावा इएयासू (१५४३–१६१६) यांनी देशाचे एकीकरण केले. हिदेयोशीने जमिनीची मोजणी करून प्रत्येक गावाचे उत्पन्न तांदळाच्या ‘कोकू’ (सु. १८० लि.) या मापात नोंदविले. एका माणसास वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, अशी कोकूची ढोबळ कल्पना होती. १५८८ मध्ये त्याने शेतकऱ्यांकडील शस्त्रे काढून घेतली. शेतकरी व योद्धा यांमधील सीमारेषा त्यामुळे पक्की झाली.

१६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर इएयासू १६०३ मध्ये शोगुन झाला. त्याच्या घराण्याच्या अंमलाखाली सु. अडीचशेहून अधिक दाइम्यो होते. १६३५ पासून त्यांना आलटूनपालटून एडो येथे वास्तव्य करण्याची सक्ती करण्यात आली. त्यांच्या बायकामुलांना तर तेथेच ओलीस ठेवल्याप्रमाणे राहावे लागे. या नियमाने सरदारांचे द्रव्य खर्ची पडले. पण त्याचबरोबर हमरस्ते, धर्मशाळा व बाजार यांची भरभराट झाली आणि राजधानीची भाषा व अभिरुची प्रांतोप्रांती पोहोचली. एडो-क्योटो यांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावर ५३ मुक्काम होते. सामुराईंना खेड्यांतून काढून किल्ल्यांभोवतीच्या नगरांत वसविण्यात आले व तांदळाच्या रूपात वेतन देण्यात येऊ लागले. कानाझावा, सेंडाई, कुमामोटो इ. शहरे अशा दुर्गनगरांतून वाढली.

ख्रिस्ती धर्मावर बंदी घालण्यात आली. शिमाबाराच्या उठावानंतर (१६३७–३८) पोर्तुगीजांना देशाबाहेर घालविण्यात आले आणि १६४१ मध्ये डचांना नागासाकीतील देजिमा या कृत्रिम बेटापुरते मर्यादित करण्यात आले. देश पूर्णतः बंद होता, असे मात्र नव्हे. चिनी व्यापारी नागासाकीस येत. त्सुशिमामार्गे कोरियाशी, सात्सुमामार्गे र्यूक्यू राज्याशी व मात्सुमाएमार्गे उत्तरेकडील ऐनू लोकांशी व्यवहार चालत.

समाजाची सामुराई, शेतकरी, कारागीर व व्यापारी अशी उतरंड मानण्यात आली. तिच्याही बाहेर एता व हिनिन हे वर्ग होते. मृत जनावरांची विल्हेवाट, कातडीकाम यांसारखे व्यवसाय करणाऱ्यांना अशुद्ध मानून वेगळ्या वस्त्यांत राहावयास लावले जाई. कायद्याने हा भेद १८७१ मध्ये रद्द झाला. परंतु त्यांच्या वंशजांना (बुराकुमिन) विवाह व नोकरी यांबाबत त्यानंतरही भेदभाव सोसावा लागला.

शेतकऱ्यास प्रतिष्ठेत दुसरे स्थान असले, तरी उत्पन्नाचा चार ते पाच दशांश वाटा सामान्यतः करात जाई व त्यासाठी सर्व गाव सामूहिकपणे जबाबदार धरले जाई. भूगोल व सरंजामशाही यांचा एकत्रित भार दुष्काळांत तीव्रतेने जाणवे. होन्शूच्या ईशान्य भागातील थंड उन्हाळा भातास अनेकदा मानवत नसे. तथापि कर व प्रतिष्ठा दोन्ही तांदळात मोजली जात असल्याने तेथेही भातावर भर देण्यात आला. तेन्मेई दुष्काळात (१७८२–८८) थंडी, पूर व १७८३ मधील आसामा ज्वालामुखीचा उद्रेक यांनी पिके गेली. अनेक सरदारांनी आपल्या हद्दीबाहेर धान्य नेण्यास बंदी केल्यामुळे हानी अधिकच वाढली व उत्तरेत असंख्य लोक मरण पावले.

नागर संस्कृती व आचारधर्म : दीर्घ शांततेत ओसाका, क्योटो व एडो येथील व्यापारी (चोनिन) वर्ग संपन्न झाला. ओसाकातील दोजिमा येथील तांदूळबाजारास शोगुनशाहीने १७३० मध्ये मान्यता दिली. अठराव्या शतकात एडोची लोकसंख्या दहा लक्षांच्या घरात गेली. राजकीय अधिकार नसलेल्या या वर्गाने काबुकी, बाहुलीनाट्य, कादंबरी व ‘उकियो-ए’ काष्ठठसाचित्रे यांना आश्रय दिला. इहारा साइकाकू (१६४२–९३) याने व्यापाऱ्यांच्या जीवनावर कथा लिहिल्या. मात्सुओ बाशो (१६४४–९४) याने हायकू या लघुकाव्यप्रकारास उंची दिली. हायकूत ऋतुसूचक शब्द असावा असा संकेत आहे. होकुसाई (१७६०–१८४९) व हिरोशिगे (१७९७–१८५८) यांची फूजी पर्वताची व तोकाइदो मार्गाची चित्रे पुढे यूरोपीय चित्रकारांनाही प्रेरक ठरली.

या काळातील नीतिविचाराच्या केंद्रस्थानी ‘गिरी’ (सामाजिक ऋण वा कर्तव्य) व ‘निंजो’ (मानवी भावना) यांतील संघर्ष आहे. चिकामात्सू मोंझाएमोन (१६५३–१७२५) याच्या नाटकांतील प्रेमिकांना या संघर्षातून मृत्यूखेरीज मार्ग सापडत नाही. १७०१ मध्ये आसानो या दाइम्योने शोगुनच्या वाड्यात किरा या अधिकाऱ्यावर शस्त्र उपसले. त्याबद्दल त्यास सेप्पुकू (पोट चिरून आत्महत्या) करावी लागली. त्याच्या निराधार झालेल्या सामुराईंनी किराचा वध करून सूड घेतला. स्वामिनिष्ठा श्रेष्ठ की राज्याचा कायदा, असा पेच यातून उभा राहिला. शोगुनशाहीने त्यांना १७०३ मध्ये सेप्पुकूचीच शिक्षा दिली. लोकांनी मात्र त्यांना वीर मानले व त्यांची कथा रंगभूमीवर अजरामर झाली. ‘बुशिदो’ अथवा योद्धाधर्म यावरील बरेचसे लेखन याच शांततेच्या काळातील आहे. लढाया थांबल्या होत्या व सामुराई कारकुनी करू लागला होता, तेव्हा त्याच्या अस्तित्वाचे समर्थन करण्याची गरज या लेखनामागे होती.

अखेर व मूल्यमापन : १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाधिकारी पेरी युद्धनौका घेऊन आला, तेव्हा समुद्राने दिलेले संरक्षण संपुष्टात आल्याचे स्पष्ट झाले. १८६८ मध्ये शोगुनशाही संपली, १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने बरखास्त झाली आणि १८७६ मध्ये सामुराईंचा तलवार बाळगण्याचा हक्क गेला. तथापि सरंजामी मूल्ये नष्ट झाली नाहीत. दाइम्योविषयीची निष्ठा सम्राटाकडे वळविण्यात आली आणि शाळा व सैन्य यांच्याद्वारे ती सर्व प्रजेत रुजविण्यात आली. जपानच्या जलद आधुनिकीकरणास तिची मदत झाली. त्याचप्रमाणे १९३० नंतरच्या लष्करशाहीनेही बुशिदो व कामिकाझे या कल्पनांचा उपयोग करून लाखो तरुणांना मृत्यूच्या खाईत लोटले. १९४५ नंतरच्या संविधानाने व कायद्यांनी कुटुंबप्रमुखाचे विशेषाधिकार काढून घेतले व स्त्रीपुरुषांना समान हक्क दिले.

भूगोलावरून संस्कृतीचे स्पष्टीकरण देण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो (१८८९–१९६०) याने फूदो (१९३५) या ग्रंथात केला. मोसमी हवामान माणसास सहनशील व ग्रहणशील बनविते, असे त्याचे मत होते. अशा उपपत्ती आकर्षक असल्या, तरी त्यांतून एकजिनसी व अपरिवर्तनीय जपानी स्वभावाची कल्पना सहज निर्माण होते. इतिहासकार आमिनो योशिहिको (१९२८–२००४) याने भातशेतकरी व सामुराई यांपुरतेच मर्यादित असलेले जपानचे चित्र अपुरे ठरविले. कोळी, खलाशी, फिरते कारागीर, कलावंत व डोंगरी लोक यांचाही या संस्कृतीत वाटा आहे आणि समुद्र हा भिंत असण्याइतकाच मार्गही होता, हे त्याने दाखवून दिले. होक्काइडोतील ऐनू लोकांना २०१९ च्या कायद्याने मूलनिवासी म्हणून मान्यता मिळाली, तीही एकजिनसीपणाच्या कल्पनेस छेद देणारी आहे.

सारांश, पर्वत, पाऊस व समुद्र यांनी जपानी लोकांपुढे काही प्रश्न व काही शक्यता ठेवल्या. त्यांची उत्तरे मात्र त्या त्या काळच्या समाजरचनेने दिली. तीच भातशेती सामुदायिक सहकार्याचा आधार बनली आणि सामूहिक करसक्तीचाही. तोच समुद्र आठव्या शतकात भारतीय भिक्षूला घेऊन आला आणि सतराव्या शतकात राज्यकर्त्यांनी त्याचाच तट म्हणून उपयोग केला. जपानच्या पारंपरिक संस्कृतीतील साधेपणा, शिस्त व निसर्गप्रेम यांचा विचार करताना त्यांच्या घडणीसाठी शेतकरी, स्त्रिया व बहिष्कृत वर्ग यांनी दिलेली किंमतही ध्यानात घेणे आवश्यक ठरते.